गुलाबाचे नाव आणि गुलाबाचा रंग

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत सीतापुरा, जयपूर येथे दिलेले व्याख्यान)



या व्याख्यानमालेत आजवर इतिहासावर बोलणे झाले, संगीतावर झाले, संतवाङ्मयावर झाले. त्या पंक्तीत एका निवृत्त अभियंत्याने उठून गुलाबाच्या झुडपांविषयी तासभर बोलावे, हे थोडे धार्ष्ट्याचेच आहे. परंतु चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा मी दुसरा विषय सुचवू शकलो नाही, आणि त्याला कारण आहे. येथे बसलेल्यांपैकी अनेकांच्या अंगणात मी दिलेल्या गुलाबाच्या फांद्या रुजल्या आहेत. त्या प्रत्येक फांदीबरोबर मी एक नाव लिहून दिले होते. ते नाव चुकीचे होते. ही चूक चारचौघांत कबूल करण्यास सुवर्णमहोत्सवापेक्षा चांगला मुहूर्त मला मिळणार नाही.

कबुलीजबाबाकडे येण्यापूर्वी मुळात गुलाबाच्या नावांचा आणि रंगांचा एवढा गोंधळ का होतो, हे सांगितले पाहिजे. नाही तर माझी चूक मला एकट्याला पेलवणार नाही.

आपण ज्या शहराच्या आश्रयाला आलो त्याला जग ‘गुलाबी नगरी’ म्हणते. १७२७ साली सवाई जयसिंहांनी हे नगर वसविले. १८७६ साली इंग्लंडचे युवराज आल्बर्ट एडवर्ड येथे येणार म्हणून सवाई रामसिंहांनी शहर एका रंगात रंगवून घेतले, आणि तेव्हापासून हे नाव रूढ झाले असे सांगतात. आता आपण त्रिपोलिया बाजारात उभे राहून भिंतींकडे निरखून पाहावे. तो रंग गेरूचा आहे. आपल्या अंगणातल्या देशी गुलाबाची एक पाकळी त्या भिंतीला लावून पाहिली तर दोघांचे गोत्र वेगळे असल्याचे तत्काळ ध्यानात येते. तरीही आपण दोघांनाही ‘गुलाबी’ म्हणतो आणि आपले काही अडत नाही. रंगाचे शब्द असे ऐसपैस असतात. व्यवहारात ते चालते. ओळख पटविताना मात्र चालत नाही.

नावाचे तर त्याहून विलक्षण आहे. ‘गुलाब’ हे मुळात फुलाचे नावच नव्हे. फारसीत ‘गुल’ म्हणजे फूल आणि ‘आब’ म्हणजे पाणी. ‘गुलाब’ म्हणजे गुलाबपाणी. आपल्याकडे येता येता पाण्याचे नाव फुलाला चिकटले. आपल्या मराठीने मात्र जुना अर्थ एका कोपऱ्यात जपून ठेवला आहे. लग्नात आणि हळदीकुंकवात आपण ‘अत्तरगुलाब’ करतो, तेव्हा हातात फूल नसते, गुलाबदाणी असते.

दुसरे उदाहरण आमच्या घरातले. जयपुरास आलो त्या पहिल्या वर्षी सौभाग्यवतींनी एका वृद्ध माळ्याकडे वेणीसाठी शेवंती मागितली. त्याने दुसऱ्या दिवशी मोठ्या अगत्याने ओंजळभर पांढरे गुलाब आणून दिले. हिंदीच्या जुन्या कोशात ‘सेवती’ म्हणजे पांढरा गुलाबच. आपल्या शेवंतीला इकडे ‘गुलदाउदी’ म्हणतात. त्या माळ्याची चूक नव्हती आणि आमचीही नव्हती. संस्कृतातही ‘शतपत्र’ म्हणजे कमळ, आणि ‘शतपत्री’ म्हणजे गुलाब. एका वेलांटीने तळ्यातून अंगणात यावे, तसे हे आहे.

शास्त्रज्ञांची लॅटिन नावे तरी निर्मळ असतील, असे आपणांस वाटेल. लिनिअस या स्वीडिश पंडिताने १७५३ साली एका गुलाबाला ‘रोझा इंडिका’ असे नाव दिले. तो गुलाब चीनमधला. पूर्वेकडून आलेली प्रत्येक वस्तू युरोपात त्या काळी ‘इंडियाची’ ठरत असे. पुढे १७६८ साली जॅकीन या वनस्पतिशास्त्रज्ञाने चिनी गुलाबाला ‘रोझा चायनेन्सिस’ हे नाव दिले. परंतु जुने नाव गेले नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून हे चिनी गुलाब कलकत्त्यामार्गे युरोपात जात, म्हणून फ्रेंच लोक त्यांना ‘बंगालचा गुलाब’ म्हणू लागले. आणि गंमत अशी, की आज आपल्या रोपवाटिकांत कलमासाठी खुंट म्हणून जे रोप वापरतात त्याला माळी ‘इंडिका’ म्हणतात आणि आपण ते अस्सल भारतीय समजतो. चीनच्या झाडाला स्वीडनमध्ये भारताचे नाव मिळाले, आणि ते नाव ऐकून भारतानेच त्याला आपले मानले!

आता खुंटाचा उल्लेख आलाच आहे, तर गोंधळाचे जे सर्वांत मोठे कारण ते आधी सांगतो, कारण ते आपल्या प्रत्येकाच्या अंगणात घडते. रोपवाटिकेतला गुलाब बहुधा स्वतःच्या मुळांवर उभा नसतो. एका काटक जातीच्या खोडावर हव्या त्या जातीचा डोळा भरतात. खाली खुंट, वर पाहुणा. उत्तर हिंदुस्थानात खुंटासाठी हा ‘इंडिका’ किंवा ‘एडवर्ड’ नावाचा गुलाब वापरतात. सीतापुऱ्याच्या उन्हाळ्यात पाणी खारे होते, लू वाहते, नाजूक पाहुणा वाळतो. खुंट मात्र जमिनीखालून नवा फुटवा फेकतो. पुढच्या हिवाळ्यात झुडूप पुन्हा भरते, फुलते, आणि मालक आश्चर्याने सांगतो, ‘अहो, आमच्या लाल गुलाबाचा रंग यंदा फिका गुलाबी झाला!’ रंग बदललेला नसतो, झाडच बदललेले असते. पाटीवर नाव गेलेल्या पाहुण्याचे, आणि घरात राहतो आहे यजमान. जुन्या बंगल्यांच्या पडक्या बागांत ‘शंभर वर्षांचा दुर्मीळ गुलाब’ म्हणून जे दाखवितात, त्यांत असे खुंट पुष्कळ असतात.

दुसरे कारण व्यापाराचे. फ्रान्सच्या मेयाँ घराण्याने निर्माण केलेला एक पिवळसर, गुलाबी कडांचा गुलाब दुसऱ्या महायुद्धाच्या काळात निरनिराळ्या देशांत गेला. फ्रान्समध्ये तो ‘मादाम ए. मेयाँ’, इटलीत ‘जोइया’, जर्मनीत ‘ग्लोरिया डेई’, आणि अमेरिकेत २९ एप्रिल १९४५ रोजी त्याचे नाव ठेवले गेले ‘पीस’. झाड एक, नावे चार. आपल्याकडे घरोघरी लावला गेलेला ‘सुपरस्टार’ अमेरिकेत ‘ट्रॉपिकाना’ म्हणून विकला जातो.

याच्या नेमके उलटही घडते. नाव एक आणि झाडे दोन. ‘ब्लूमफील्ड अबंडन्स’ नावाचा एक गुलाब १९२० साली आला. परंतु त्या नावाने कितीएक वर्षे जगभर जे झाड विकले गेले ते ‘सेसिल ब्रूनर’ या जुन्या इवल्याशा गुलाबाचे एक उंच भावंड होते. फुले हुबेहूब सारखी, रंग तोच. भेद कोठे सापडला? फुलात नव्हे, तर कळीला बाहेरून कवटाळणाऱ्या हिरव्या दलांत. या उंच भावंडाच्या कळीवर ती दले लांब, पानासारखी वाढलेली असतात. सारे जण पाकळ्यांकडे पाहत होते. पुरावा पाकळ्यांच्या बाहेर होता.

आता रंगाविषयी. रंग हा साक्षीदार मोठा देखणा, पण साक्ष फिरविणारा. आपण येथे ऑक्टोबरात छाटणी करतो, डिसेंबरपासून मार्चपर्यंत बहर घेतो. थंडीत जे फूल गडद आणि भरगच्च येते तेच मे महिन्यात लहान आणि फिकट येते. सकाळचे फूल आणि संध्याकाळचे फूल एक नसते. त्यातही घराण्याघराण्याची रीत निराळी. युरोपातले बहुतेक जुने गुलाब उमलल्यावर उन्हाने फिके होत जातात. चिनी गुलाब उलट गडद होत जातात. ‘म्यूटाबिलिस’ नावाचा एक चिनी गुलाब उमलतो पिवळसर, मग गुलाबी होतो आणि शेवटी किरमिजी. एकाच झुडपावर एकाच दिवशी तिन्ही रंग दिसतात. त्याचा रंग कोणता, असे कोणी विचारले तर प्रतिप्रश्न करावा, ‘किती वाजता?’ आणि ही फिरणारी साक्षसुद्धा नीट नोंदली, तर उपयोगी पडते: फूल वयाबरोबर फिके होते की गडद होते, हे झाडाचे कुल सांगते.

छायाचित्राचाही भरवसा नाही. किरमिजी आणि जांभळट छटा तर छायाचित्रात हटकून बिघडतात. आज प्रत्येकाच्या खिशात भ्रमणध्वनी आहे, आणि मला आठवड्यातून एक तरी चित्र येते: ‘काका, याचे नाव सांगा.’ मी नम्रपणे उत्तर देतो, की नवरीचा फक्त शालू पाहून तिचे आडनाव सांगता येत नाही.

जुन्या जगातला रंगाचा एक प्रसिद्ध घोटाळा सांगतो. इंग्लंडात दोन पट्टेदार गुलाब फार पूर्वीपासून आहेत. एक ‘रोझा मुंडी’, दुसरा ‘यॉर्क अँड लँकेस्टर’. दोघांतही गुलाबी आणि पांढरा रंग, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या एकाच्या जागी दुसरा विकला गेला. नीट पाहिले तर ‘रोझा मुंडी’च्या एकेका पाकळीवर किरमिजी-पांढरे पट्टे असतात, ‘यॉर्क अँड लँकेस्टर’मध्ये एखादी पाकळी सबंध गुलाबी, एखादी सबंध पांढरी, कधी अर्धी अशी, तर कधी अख्खे फूलच एका रंगाचे. पहिले झुडूप बुटके, दुसरे उंच आणि फिकट पानांचे. दोघांची कुळेही भिन्न आहेत. आणि ‘रोझा मुंडी’ हे तर एका अखंड गुलाबी झाडाच्या फांदीवर आपोआप उद्भवलेले रूप असल्यामुळे, त्याची एखादी फांदी मधूनच मूळ रंगावर जाते. म्हणजे एकाच झाडावर दोन नावांची फुले!

फुलण्याच्या ऋतूने उलगडलेले एक कोडे आपल्या हिमालयाशी निगडित आहे. कस्तुरी गुलाब, ‘रोझा मोस्काटा’, हा जुन्या ग्रंथांत शरद ऋतूच्या सुमारास फुलणारा म्हणून वर्णिलेला. परंतु इंग्लंडच्या बागांत त्या नावाचे जे झाड होते ते उन्हाळ्याच्या आरंभी फुलून मोकळे होई. ग्रॅहम स्टुअर्ट टॉमस या जाणत्या उद्यानतज्ज्ञाच्या मनात ही विसंगती सलत राहिली. अखेर १९६३ साली लंडनजवळच्या ‘मिडल्टन हाउस’ या जुन्या बागेत, उन्हाळा सरताना, त्याला खरा कस्तुरी गुलाब फुललेला सापडला. मग इतकी वर्षे त्याच्या नावाने मिरवीत होता तो कोण? तो होता हिमालयातला ‘रोझा ब्रुनोनिआय’, ज्याला डोंगरी लोक ‘कूजा’ म्हणतात आणि संस्कृतातला ‘कुब्जक’ तो हाच असे मानतात. दोघांचीही फुले पांढरी. रंगावर विसंबले असते तर हे कोडे कधीच सुटले नसते. टॉमसने झाडाला विचारले, ‘तू केव्हा फुलतोस?’, आणि झाडाने खरे उत्तर दिले.

आपण म्हणाल, हे सारे हौशी मंडळींचे कोडे सोडविणे. नाव चुकले म्हणून कोणाचे काय बिघडते? तर बिघडते. येथून नाथद्वाऱ्याकडे गेले की हल्दीघाटी-खमनोरचा परिसर लागतो. तेथला ‘चैती गुलाब’ प्रसिद्ध आहे. हा दमास्क गुलाब. नावाप्रमाणे चैत्राच्या सुमारास बहरतो आणि त्या काही आठवड्यांतच वर्षाचे गुलाबपाणी आणि गुलकंद होतो. याचाच एक नातेवाईक म्हणजे मी मघाशी उल्लेखिलेला ‘एडवर्ड’. तोही गुलाबी, तोही सुवासिक. पण तो मैदानी प्रदेशात वर्षातून अनेकदा फुलतो, आणि त्याच्या फुलांत तेल दमास्कपेक्षा कमी निघते. बाजारात दोघांनाही ‘देशी गुलाब’ म्हणतात. दमास्कच्या एक किलो तेलासाठी सुमारे ३५०० ते ४००० किलो फुले लागतात. ज्याने तेलासाठी शेत लावायचे त्याच्या हाती एकाऐवजी दुसरे रोप पडले, तर चूक ध्यानात येईपर्यंत तीन वर्षे आणि पदरचे पैसे गेलेले असतात. उलट, रोज देवळापुढे सुटी फुले विकणाऱ्याने चैती गुलाब लावला, तर वर्षाचे दहा महिने त्याची टोपली रिकामी. नाव म्हणजे केवळ अलंकार नव्हे. नाव म्हणजे त्या झाडाकडून काय अपेक्षा करावी याची हमी आहे.

या ‘एडवर्ड’ नावाची कथा जयपूरकरांनी अवश्य ऐकावी. १८७६ साली जे युवराज येथे आले तेच पुढे सातवे एडवर्ड म्हणून राज्यावर बसले. मी कित्येक वर्षे समजत होतो, की ज्याच्यासाठी शहर गुलाबी झाले त्याच्याच नावाचा हा गुलाब, किती समर्पक! ते साफ खोटे निघाले. हिंदी महासागरात रेयुनियन नावाचे बेट आहे. त्याचे जुने नाव बूर्बाँ. तेथे शेतांना गुलाबाची कुंपणे घालीत: काही वर्षातून दोनदा फुलणाऱ्या दमास्कची, काही चिनी गुलाबाची. एदुआर पेरिशाँ नावाच्या मालकाच्या जमिनीवर या दोहोंच्या आपोआप झालेल्या संकरातून एक निराळे रोप उगवले. १८१७ साली बेटावर आलेल्या ब्रेआँ या फ्रेंच वनस्पतितज्ज्ञाने ते हेरले, आणि १८१९ साली त्याचे बी पॅरिसजवळच्या राजबागेत जाक नावाच्या माळ्याकडे पाठविले. पुढे बूर्बाँ गुलाबांचे सारे घराणे त्यातून वाढले. बेटावरचे लोक त्या पहिल्या झाडाला मालकाच्या नावाने ‘रोझ एदुआर’ म्हणत. त्या एदुआरचा आपल्याकडे झाला ‘एडवर्ड’, आणि एका शेतमालकाच्या गुलाबाला माझ्यासारख्या लोकांनी बादशहाच्या डोक्यावर नेऊन बसविले.

आता माझी कबुली.

पंचवीस-एक वर्षांपूर्वी सीतापुऱ्याच्या कारखान्यात माझी नेमणूक झाली आणि टोंक रस्त्यालगत प्रतापनगरात आम्ही घर केले. आई तेव्हा आमच्याकडे राहावयास आली. येताना तिने ओल्या फडक्यात गुंडाळून वीतभर काडी आणली होती, वाईच्या तिच्या माहेरच्या अंगणातली. रेताड जमीन आणि कडक पाणी असूनही तिने ती जगविली. गडद गुलाबी, वासाने दरवळणारी फुले. देवाला वाहून उरलेल्या पाकळ्यांचा गुलकंद ती बरणीत भरून गच्चीवर उन्हात ठेवी. त्या झाडाला ती ‘माहेरचा गुलाब’ म्हणे. मला ते नाव अपुरे वाटे. त्याच सुमारास मी गुलाबांवरची पुस्तके वाचू लागलो होतो, डॉ. बेंजामिन पिअरी पाल यांचा १९६६ चा ‘द रोझ इन इंडिया’ हा ग्रंथ मिळविला होता. अर्धवट ज्ञानाच्या भरात मी एके दिवशी जाहीर केले, की आईचा गुलाब म्हणजे १८६९ सालचा फ्रान्सचा विख्यात ‘पॉल नेरॉन’! पॉल नेरॉनचे फूल फार मोठे, आणि फांदीला काटे जवळजवळ नाहीत. आईचे फूल मध्यम, आणि तिची बोटे काट्यांनी नेहमी ओरखडलेली. परंतु गुलाबी रंग जुळला, एवढ्यावर मी निर्णय दिला. आई म्हणाली, ‘असेल बाबा.’ तिच्या त्या ‘असेल’मध्ये मला तेव्हा संमती ऐकू आली. आज शंका ऐकू येते.

मग मंडळाच्या हळदीकुंकवात, कोजागरीला, जो तो मागेल त्याला मी काड्या दिल्या. सोबत पत्र्याच्या पाटीवर सुवाच्य अक्षरांत ‘पॉल नेरॉन, १८६९’.

आई गेली. त्यानंतर दोन उन्हाळ्यांनी आमच्या कूपनलिकेचे पाणी खारट झाले आणि तिचे झाड वाळले. मला फारसे दुःख झाले नाही, कारण मंडळातील घराघरांत ते होतेच. पावसाळ्यात मी परत काडी मागण्यास निघालो. पहिल्या घरी माझी पाटी जागेवर होती. झुडूप मात्र फिक्या गुलाबी फुलांचे, गुळगुळीत चकचकीत पानांचे. त्या गृहस्थांनी झाड जोमदार व्हावे म्हणून माझ्या काडीचा डोळा रोपवाटिकेतून खुंटावर भरून घेतला होता. डोळा गेला होता, खुंट राहिला होता. दुसऱ्या घरी पाटीखाली लालभडक संकरित गुलाब. काडी वाळल्यावर बाईसाहेब रागावतील म्हणून माळ्याने गुपचूप नवे रोप लावले होते. दोन्ही घरी मला अगत्याने सांगण्यात आले, ‘तुमच्या आईंचाच हो हा! फक्त रंग थोडा बदललाय.’ माझी पाटी होती ना साक्षीला! मी लिहिलेले नाव त्या दोन परक्या झाडांना माझ्या आईचे झाड ठरवीत होते. त्या संध्याकाळी घरी परतताना मला प्रथमच भय वाटले, की ते झाड आता जगात कोठेच नसेल.

तिसऱ्या घरी, दुसऱ्या मजल्यावर एका मातीच्या कुंडीत, एक काटेरी झुडूप होते. तेथल्या मावशी आईच्या भजनातल्या मैत्रीण. पाटी नव्हती. मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘ती पहिल्याच पावसात पुसली गेली. मी आपली तुमच्या आईंचा गुलाब म्हणते.’

एवढ्याने मी विश्वास ठेवणार नव्हतो. एकदा पोळलो होतो. त्या झाडाची मी वर्षभर वही ठेवली. आणि मग पुरावा अशा ठिकाणी सापडला जेथे मी कधी शोधला नसता. आईच्या पोथीत, तिच्या सवयीप्रमाणे, खुणेसाठी घातलेली एक डहाळी होती: एक फूल, एक कळी, दोन पाने. फुलाचा रंग केव्हाच उडाला होता. तपकिरी कागद उरला होता. परंतु पानाच्या देठाशी असलेल्या दोन छोट्या पट्ट्या, फुलाखालच्या हिरव्या भांड्याचा आकार, देठावरची लव, कळीबाहेरच्या दलांच्या कडा, काट्यांचा बाक, हे सारे शाबूत होते. बहिर्गोल भिंगाखाली दोन्ही ठेवून मी एकेक गोष्ट ताडून पाहिली. जुळले. ज्या रंगावर मी नाव ठरविले होते तोच तेवढा नाहीसा झाला होता, आणि ज्यांकडे पाहिलेही नव्हते ते सारे साक्षीला उभे होते.

मित्रहो, त्या वहीतून मी जे शिकलो ते थोडक्यात सांगतो.

पहिल्याने जमिनीपाशी वाका. फांदी डोळा भरलेल्या गाठीच्या वरून आली आहे की खालून, ते पाहा. खालून असेल तर पाटी विसरा. मग ऋतू लिहा: वर्षातून एकदाच फुलतो, दोनदा, की पुनःपुन्हा. मग पान. चिनी कुळात बहुधा तीन ते पाच पर्णिका, गुळगुळीत. दमास्कमध्ये पाच ते सात, खालून मऊ लव असलेल्या. पानाच्या देठाशी ज्या दोन पट्ट्या असतात, त्यांना उपपर्णे म्हणतात, त्या झालरीसारख्या कातरलेल्या असतील तर ‘मल्टिफ्लोरा’ कुळाचा संबंध जवळजवळ निश्चित. मग काटे: सगळे एका मापाचे, की लहान-मोठे मिसळलेले. मग फुलाखालचे भांडे: दमास्कमध्ये ते लांबट, निमुळते. मग वास, सकाळचा. हे सर्व लिहून झाल्यावर, सर्वांत शेवटी, रंग. तोही महिना, वेळ आणि फुलाचे वय नोंदवून.

कोणी म्हणेल, आता जनुकांची परीक्षा निघाली आहे, वही कशाला? ती परीक्षा मोठी आहे. २००० साली जपानी संशोधकांनी तिच्या आधारे दाखविले, की दमास्क गुलाबाच्या रक्तात तीन जाती मिसळल्या आहेत: गॅलिका, मघाचा तो कस्तुरी गुलाब, आणि मध्य आशियातला ‘फेडचेंकोआना’. परंतु नाव ठरविताना ही परीक्षा दोन झाडे एक आहेत की भिन्न, एवढेच सांगते. ज्याच्याशी ताडावयाचे ते मूळ झाड निःसंशय खऱ्या नावाचे नसेल, तर यंत्रसुद्धा आपली जुनी चूक अधिक ठामपणे परत करील.

मग खात्री नसताना झाडाला काय म्हणावे? याचे उत्तर बर्म्युडा बेटावरच्या लोकांनी दिले आहे. तेथे जुन्या अंगणांत अनेक अनामिक गुलाब आहेत. तेथल्या गुलाबप्रेमींनी त्यांना भारदस्त नावे देण्याची घाई केली नाही. जेथे सापडला त्या गावाचे, किंवा ज्यांच्या अंगणात होता त्यांचे नाव दिले, आणि ते दुहेरी अवतरणचिन्हांत लिहिले. खात्रीचे नाव एकेरी चिन्हांत, तात्पुरते दुहेरी. त्या दोन जादा टिंबांचा अर्थ एवढाच, की ‘शोध चालू आहे.’ मला ही पद्धत फार सभ्य वाटते. आणि ध्यानात आले, की आईने व मावशींनी नेमके हेच केले होते. ‘माहेरचा गुलाब’, ‘तुमच्या आईंचा गुलाब’: दोघींनी जेवढे ठाऊक होते तेवढेच म्हटले, एक अक्षर जास्त नाही. जास्तीचे मी लिहिले.

आईचा गुलाब कोणता, हे आपण विचाराल. वहीतील लक्षणे ‘रोझ एदुआर’शी पुष्कळ जुळतात. जुळतात, एवढेच मी म्हणतो. माझ्या नव्या पाटीवर दुहेरी अवतरणांत लिहिले आहे “वाईचा गुलाब”, आणि खाली ‘सीतापुरा येथे मावशींच्या कुंडीतून’.

मंडळाची पन्नास वर्षे झाली. आपण दूर देशी आलो, तेव्हा प्रत्येकाने काही ना काही ओल्या फडक्यात गुंडाळून आणले: कोणी ओव्या, कोणी पुरणाचे यंत्र, कोणी एखादी काडी. ते पुढल्या पिढीच्या हाती देताना त्यावर मोठे नाव लिहिण्याचा मोह होतो. माझी विनंती एवढीच, की जे ठाऊक आहे तेवढेच लिहावे. कोणी आणले, कोठून आणले, केव्हा फुलले. खरे नाव शोधणारा पुढे कोणीतरी निघेल. त्याच्या वाटेत खोटी पाटी नसावी.

आज दाराशी मावशींच्या कुंडीवरून केलेली बारा रोपे ठेवली आहेत, स्वतःच्या मुळांवरची. ज्यांच्याकडे माझी जुनी पाटी असेल त्यांनी ती आणून द्यावी आणि रोप घेऊन जावे. पाटी आणली नाही तरी रोप मिळेल. परंतु पाट्या परत आल्या, तर माझ्या मनावरचे ओझे उतरेल.